विरंगुळा केंद्र चालवणारे मंडळ: एका सभासदाचे परीक्षण

पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, वारजे, सहकारनगर अशा कुठल्याही भागात हिंडताना एखाद्या उद्यानाच्या कोपऱ्यात एकमजली वास्तू दिसते आणि तिच्यावर ‘ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र’ अशी पाटी असते. वास्तू महापालिकेने बांधलेली असते, पाटीवर ज्या लोकप्रतिनिधींच्या निधीतून ती उभी राहिली त्यांचे नाव केंद्राच्या नावापेक्षा ठसठशीत असते, आणि आत प्लास्टिकच्या खुर्च्या, कॅरमचे बोर्ड, वर्तमानपत्रांचे टेबल व दिवाळी अंकांचे एक कपाट असते. या बाबतीत एक केंद्र दुसऱ्यापासून फारसे वेगळे नसते. तरीही एका ठिकाणी सकाळी दहाला बसायला खुर्ची मिळत नाही आणि जवळच्याच दुसऱ्या केंद्राचे कुलूप आठवडाभर उघडत नाही. हा फरक केंद्र चालवणाऱ्या माणसांमुळे पडतो, म्हणून हे परीक्षण वास्तूचे नसून मी ज्या ज्येष्ठ नागरिक संघाची सभासद आहे त्याच्या कार्यकारी मंडळाच्या कामाचे आहे.

संघाचे नाव मी देत नाही. मंडळातील बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे आहेत, कोणीही मानधन घेत नाही, आणि पुढे मी जी टीका केली आहे ती त्यांनी सभेत माझ्या तोंडून ऐकलेली आहे. माझे मत आधीच सांगते: आमच्या भागात राहणाऱ्या साठीपुढच्या माणसाने या संघाचे सभासद व्हावे आणि तेही कॅरमसाठी किंवा सहलींसाठी नव्हे, तर तेथील मदत कक्षासाठी व्हावे. मात्र ज्या माणसांना या मदत कक्षाची सर्वांत जास्त गरज आहे, ती अजून या केंद्राच्या उंबऱ्याबाहेरच आहेत.

वास्तूबद्दल थोडक्यात सांगते. सभागृहात शंभरेक माणसे दाटीवाटीने बसतात, स्वच्छतागृहात आधाराला दांडे बसवलेले आहेत, प्रवेशद्वारापाशी पायऱ्यांच्या बाजूला उतरण आहे. पण ती इतकी उभी आहे की चाकाची खुर्ची ढकलणाऱ्यालाच दम लागतो. पंखे पुरेसे आहेत. ध्वनिक्षेपकाविषयी न बोललेले बरे.

मदत कक्ष म्हणजे खिडकीपाशी मांडलेले एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक जाड नोंदवही. मंगळवारी व शुक्रवारी सकाळी टपाल खात्यातून निवृत्त झालेले सहकार्यवाह आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका तेथे बसतात. नोंदवहीत आलेल्या सभासदाचे नाव, काम कोणते, कोणता कागद कमी आहे आणि पुन्हा केव्हा यायचे एवढेच लिहिले जाते. आधार कार्डाची झेरॉक्स ते स्वतःजवळ ठेवून घेत नाहीत, काम झाले की परत देतात. मोबाइलवर आलेला ओटीपी सभासदाने स्वतः वाचायचा आणि स्वतःच टाकायचा, अक्षरे दिसत नसतील तर भिंग टेबलावर ठेवलेले आहे, पण फोन सभासदाच्या हातातच राहिला पाहिजे, असा त्यांचा दंडक आहे. सुरुवातीला मला हा कडकपणा थोडा अनावश्यक वाटत होता. परंतु ज्या वयात ‘बँकेतून बोलतोय’ असा फोन आला की माणसे आपला पिन सांगून मोकळी होतात, त्या वयातल्या माणसांना ओटीपी कोणाच्याही हाती न देण्याची सवय लावायला याहून चांगली जागा दुसरी नाही.

या टेबलाचा खरा हंगाम नोव्हेंबरात असतो. हयातीचा दाखला हा विषय वरवर साधा दिसतो, पण निवृत्तिवेतन कोणाकडून मिळते यावर त्याची रीत बदलते. राज्य शासनाच्या निवृत्तांना बँकेत आलेल्या यादीवर नोव्हेंबरमध्ये सही करावी लागते. केंद्र सरकारच्या निवृत्तांपैकी ऐंशी वर्षे पूर्ण केलेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे ईपीएस-९५ च्या निवृत्तांचा दाखला वर्षभरात केव्हाही देता येतो आणि दिल्या तारखेपासून एक वर्ष चालतो. हे तिन्ही प्रकारचे लोक एकाच कट्ट्यावर बसून एकमेकांना सल्ले देत असल्यामुळे दरवर्षी गोंधळ ठरलेला असे. मंडळाने ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच तिन्ही रीती वेगवेगळ्या कागदांवर मोठ्या अक्षरांत लिहून फलकावर लावायला सुरुवात केली आणि टेबलापाशी येणारे निम्मे प्रश्न आपोआप थांबले.

डिजिटल दाखल्याची, म्हणजे ‘जीवन प्रमाण’ची सोय २०१४ पासून आहे, परंतु वयाने बोटांच्या रेषा झिजलेल्या असल्या की यंत्र ठसा ओळखत नाही, आणि ज्यांच्या हातांनी आयुष्यभर भांडी घासली किंवा यंत्रावर काम केले त्यांच्या बाबतीत तर हमखास ओळखत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची पद्धत आल्यापासून हे काम साध्या स्मार्टफोनवर होऊ लागले. सहकार्यवाह त्यासाठी माणसाला खिडकीसमोर बसवतात, चष्मा काढायला लावतात, आणि पापण्या मिटायच्या म्हणजे डोळे घट्ट आवळायचे नाहीत हे प्रत्येकाला न कंटाळता सांगतात. अंथरुणाला खिळलेल्या सभासदांच्या घरी ते स्वतः जातात. याचे पैसे कोणी देऊ केले तर पावती फाडून ते संघाच्या खात्यात जमा केले जातात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तर वर्षांवरील सर्वांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झाले, तेव्हा या दोघांचे कसब मला विशेष जाणवले. उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार, एवढे ऐकून सभासद रांगेत उभे राहिले. परंतु आमच्याकडे संरक्षण खात्यातून आणि केंद्र सरकारच्या कार्यालयांतून निवृत्त झालेल्यांची संख्या मोठी आहे, आणि सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची व निवृत्तांची आरोग्य योजना, किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना ज्यांना लागू आहे त्यांना ती चालू ठेवायची की वय वंदना घ्यायची, यातले एकच निवडावे लागते. खासगी विमा असणाऱ्यांना मात्र अशी निवड करावी लागत नाही. मुख्याध्यापिका बाईंनी प्रत्येकाला आधी ‘सध्या कोणती योजना आहे?’ हा प्रश्न विचारून मगच नोंदणीला बसवले आणि काहींना परत पाठवले. परत पाठवलेले काही जण रागावलेही, पण माझ्या मते उत्तम सेवा हीच. नोंदणीचा आकडा वाढवून फलकावर लावण्याचा मोह एखाद्या दुसऱ्या मंडळाला नक्कीच झाला असता.

घर मुलाच्या नावावर करून देण्याचा विषयही या टेबलावर दबक्या आवाजात येतो. येथे कोणी वकील नाही आणि दोघेही तसा आव आणत नाहीत. ते एवढेच सांगतात की, आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ चा जो कायदा आहे त्यातील कलम २३ नुसार सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, परत मिळवण्यासाठी न्यायाधिकरणाकडे जाता येते. म्हणून बक्षीसपत्र करायचेच असेल तर ती अट दस्तात स्पष्ट लिहून घ्या, आणि सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवा. निर्वाहखर्चाचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे करता येतो आणि या कायद्यानुसार महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत रक्कम मंजूर होऊ शकते, हेही ते सांगतात. १४५६७ हा ज्येष्ठांच्या मदतवाहिनीचा क्रमांक टेबलावरच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला आहे. कोणी काय विचारले याची नोंद मात्र वहीत होत नाही. त्या रकान्यात नुसते ‘सल्ला’ असे लिहिले जाते. आमच्या कट्ट्याची बातम्या पोहोचवण्याची गती ज्यांना माहीत आहे त्यांना या काळजीचे मोल कळेल.

मी बँकेत नोकरी केली असल्यामुळे माझे लक्ष हिशेबाकडे आधी जाते. येथे खजिनदारपदी एक बाई आहेत आणि त्यांची शिस्त माझ्या जुन्या शाखेतल्या कित्येक अधिकाऱ्यांना लाजवील अशी आहे. सहलीचा जमाखर्च सहलीनंतर आठवड्याच्या आत फलकावर लागतो, उरलेले पैसे प्रत्येकाला परत मिळतात, आणि देणगी दहा रुपयांची असली तरी क्रमांक असलेली पावती मिळते. आमचा संघ बहुतेक संघांप्रमाणे १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला आहे. सभासदांना हे कोरडे वाटते, पण त्याचा परिणाम रोजच्या कारभारावर होतो. मंडळ बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्त कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज, द्यावा लागतो. तो दिला नाही तर नोंदवहीत जुन्याच विश्वस्तांची नावे राहतात, बँक नव्या माणसांच्या सह्या घ्यायला अडून बसते आणि दिवंगत झालेल्या पदाधिकाऱ्याच्या सहीविना संघाला स्वतःच्याच ठेवीला हात लावता येत नाही. शेजारच्या भागातील एका संघावर ही वेळ आलेली मी पाहिली आहे. आमच्याकडे सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त, हजेरीच्या सह्या आणि राजीनामापत्रे एका धारिकेत लावून ठेवलेली असतात आणि कागदपत्रे वेळेत दाखल होतात. हे काम कार्यवाह करतात. त्यांचे नाव कुठल्याही पाटीवर नाही.

महापालिकेशी संबंध ठेवण्याचे कामही त्यांच्याकडेच आहे, आणि ते वाटते त्याहून अवघड आहे. पुण्यात अशा छोट्या कामांसाठी नगरसेवकांच्या ‘स’ यादीतून, म्हणजे त्यांनी आपल्या प्रभागासाठी सुचवलेल्या कामांच्या तरतुदीतून, पैसे येत. छप्पर गळले, फरशी उखडली की संबंधित नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन बसायचे, ही रीत सर्वांना ठाऊक होती. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबली, आणि प्रशासकाच्या काळात ते दार बंद झाले. पुष्कळ केंद्रांनी या काळात हात टेकले. आमच्या कार्यवाहांनी क्षेत्रीय कार्यालय, भवन रचना विभाग आणि मालमत्ता व्यवस्थापन विभाग यांतील कोणते काम कोणाकडे जाते हे शोधून काढले, प्रत्येक अर्जाच्या पोचप्रतीवर आवक क्रमांक घेतला, आणि त्या क्रमांकाने पाठपुरावा केला. गळती थांबायला दोन पावसाळे गेले, पण ती थांबली. याच माणसाने सभागृहात कोणत्याही पक्षाचा फलक लावू दिलेला नाही आणि वाढदिवसाला छत्र्या वाटायला आलेल्या एका इच्छुक उमेदवाराला ‘छत्र्या अवश्य द्या, फोटो मात्र बाहेर रस्त्यावर काढा’ असे नम्रपणे सांगितले. छत्र्या आल्या नाहीत.

कार्यक्रमांबद्दल मी फार लिहीत नाही, कारण ते सर्वत्र असतात तसे आहेत. महिन्यातून एकदा त्या महिन्यात जन्मलेल्यांचे वाढदिवस, कोजागिरी, चैत्रातले हळदीकुंकू, १ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन, वर्षाकाठी एक सहल. व्याख्यानांची निवड चांगली आहे, फक्त प्रमुख पाहुण्यांचा परिचय व्याख्यानाइतका लांबतो, त्यात उपाध्यक्षांना स्वतःच्या दोन कविता वाचायच्या असतात, आणि आभारप्रदर्शन सुरू होण्याआधीच मागच्या रांगेतल्यांना बस गाठायची असते. आरोग्य तपासणीची शिबिरे मात्र मंडळाने आता निवडूनच घ्यावीत. मोफत हाडांची घनता मोजून लगेच ठरावीक गोळ्यांची चिठ्ठी हाती देणाऱ्या शिबिराला सभागृह देणे म्हणजे सभासदांच्या विश्वासाचा वापर दुसऱ्याच्या दुकानासाठी होऊ देणे आहे, हे मी सभेत बोलले आणि त्यावर अजून निर्णय झालेला नाही.

माझी मोठी तक्रार मंडळाच्या रचनेबद्दल आहे. मुदत तीन वर्षांची आहे, पण निवडणूक कायम बिनविरोध होते, आणि बिनविरोध याचा अर्थ आमच्याकडे असा की अध्यक्ष आदल्या आठवड्यात चहाला चार जणांना बोलावतात आणि यादी ठरते. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब करायची, त्याच जागी पुन्हा भरवायची आणि तेवढ्या वेळात अल्पोपाहार उरकायचा, हा क्रम इतका रुळला आहे की सभेच्या सूचनेतच अल्पोपाहाराची वेळ छापलेली असते. सभासदांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. खजिनदार आणि मुख्याध्यापिका बाई सोडल्या, तर मंडळातल्या स्त्रियांकडे रांगोळी, हळदीकुंकू आणि पाहुण्यांचे औक्षण एवढेच येते. अध्यक्ष अत्यंत सज्जन आहेत, केंद्राच्या उभारणीसाठी ते किती झिजले हे मी जाणते; पण ऐंशी ओलांडलेल्या माणसाने पद सोडतो म्हणायचे आणि सगळ्यांनी ‘नाही साहेब, तुम्हीच हवेत’ म्हणायचे, हा खेळ संघाच्या हिताचा नाही. साठ-बासष्टच्या नव्या सभासदांना मोबाइल चालवता येतो, इंग्रजी अर्ज भरता येतात, पण त्यांना कोणी जबाबदारीच देत नाही, म्हणून ते सकाळी फिरायला जाऊन परस्पर घरी जातात. कार्यवाहांच्या हाताखाली दुसरे कोणी तयार होत नाही, याची चिंता मंडळात मला कोणाच्याच चेहऱ्यावर दिसत नाही.

उंबऱ्याबाहेरच्या माणसांबद्दल आता लिहिते. केंद्रामागे ओढ्याच्या काठाने एक वस्ती आहे. तेथील साठीपुढच्या स्त्रिया आमच्याच सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करतात, पुरुष रात्रपाळीला सुरक्षारक्षक म्हणून बसतात. राज्य शासनाच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्ट वर्षांवरील व्यक्तीला चष्मा, श्रवणयंत्र, काठी, गुडघ्याचा पट्टा, कमोडची खुर्ची अशा वस्तूंसाठी एकरकमी ३,००० रुपये मिळतात, आणि त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असावे लागते. आमच्या नोंदणीकृत सभासदांत या अटीत बसणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. म्हणजे अर्ज भरून देणारी उत्तम माणसे ज्या टेबलावर बसतात, त्या टेबलासमोर बसणारे बहुतेक जण योजनेला अपात्र आहेत, आणि पात्र असलेल्या बाई त्याच वेळी समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फरशी पुसत असतात. मदत कक्षाची वेळ सकाळी दहा ते बारा आहे. कामाला जाणाऱ्या बाईला ती कधीच जमणार नाही.

हा विषय मंडळापुढे मांडला तेव्हा ‘आम्ही कोणालाही अडवत नाही, दार उघडेच आहे’ असे उत्तर मिळाले. ते खरे आहे आणि अपुरे आहे. सभासदत्वाच्या अर्जावर दोन जुन्या सभासदांच्या शिफारशीची सही लागते, आणि ज्यांच्या घरी आपण कामाला जातो त्यांच्याकडे अशी सही मागायला कोण जाईल? सहकार्यवाहांनी मात्र वाद न घालता एक गोष्ट केली. रविवारी संध्याकाळी ते आणि मुख्याध्यापिका बाई नोंदवही घेऊन वस्तीतल्या मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर बसू लागले. उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो, बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, एसटीत पासष्ट ते पंचाहत्तर वयाला अर्धे तिकीट आणि पंचाहत्तरच्या पुढे ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास, त्यासाठी कोणता पुरावा दाखवायचा, असे प्रश्न तेथे येतात. सर्वांत जास्त वेळ आधारवरच्या जन्मतारखेत जातो. अनेकांच्या कार्डावर १ जानेवारी अशी अंदाजाने टाकलेली तारीख आहे आणि त्यामुळे प्रत्यक्षात सत्तरीची बाई कागदावर बासष्टची राहते. ही दुरुस्ती किचकट आहे, कारण जन्माचा पुरावाच नसतो, आणि प्रत्येक अर्ज यशस्वी होतो असेही नाही. या रविवारच्या कामाला मंडळाने अजून ठरावाने मान्यता दिलेली नाही. अर्जांच्या झेरॉक्सचा खर्च ते दोघे पदरचा करतात. संघाच्या ठेवींवरचे व्याज पाहता हा खर्च मंजूर न करण्याचे कोणतेही सबळ कारण मला दिसत नाही.

१९८० मध्ये स्थापन झालेल्या फेस्कॉम या राज्यातील ज्येष्ठ नागरिक संघांच्या महासंघाशी आमचा संघ संलग्न आहे, आणि त्यामुळे शासनाच्या नव्या निर्णयांची माहिती लवकर पोहोचते. ती फलकापर्यंत येते. फलकापासून वस्तीपर्यंत नेणारी माणसे सध्या दोनच आहेत.

सभासद होऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी सांगते. वर्षाची वर्गणी एका बऱ्या नाट्यप्रयोगाच्या तिकिटापेक्षा कमी आहे. ती आर्थिक वर्षाची असते, म्हणून फेब्रुवारीत भरण्यापेक्षा एप्रिलपर्यंत थांबावे. आजीव सभासदत्व घेण्याची घाई करू नये, आधी वर्षभर येऊन पाहावे. अर्ज करण्याआधी मागील सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि लेखापरीक्षित हिशेब पाहायला मागावेत. येथे ते विनातक्रार दाखवतात, आणि जे केंद्र दाखवणार नाही तेथे पैसे भरण्यापूर्वी विचार करावा. मदत कक्षात जाताना मूळ कागदपत्रे आणि स्वतःचा चार्ज केलेला फोन न्यावा, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जाणे टाळावे. वर्षअखेरीच्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर या वेळी दोन विषय घ्यावेत असे पत्र आम्ही काही सभासदांनी दिले आहे: मदत कक्षाची एक वेळ संध्याकाळी ठेवणे, आणि शिफारशीच्या सहीची अट काढून टाकणे. मतदान हात वर करून होते, म्हणून ज्यांना हे पटते त्यांनी गणपूर्तीसाठी तहकूब होण्याआधीच्या वेळेला हजर राहावे.